सुईची भीती आणि सुईचा हट्ट

वाचकहो, हा लेख पुढे वाचण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि एक कच्ची चिंच डोळ्यांसमोर आणा. नुकतीच झाडावरून काढलेली, मीठ आणि तिखट लावलेली. तिचा एक तुकडा दातांखाली आला आहे अशी कल्पना करा.

तोंडाला पाणी सुटले ना? वर्तमानपत्राच्या कागदाला चिंचेचा वास नाही, चव तर नाहीच. दोन अक्षरी शब्द तेवढा छापलेला आहे, आणि त्या शब्दाने तोंडातल्या लाळग्रंथी कामाला लागल्या. ज्या माणसाने जन्मात चिंच खाल्लेली नाही, त्याला हाच परिच्छेद वाचून काहीही होणार नाही. आंबट पदार्थ जिभेवर आला की लाळ सुटावी, ही निसर्गाची देणगी आहे. पण ‘चिंच’ हा शब्द वाचून लाळ सुटावी, हे आपले शरीर शिकलेले आहे. कुणी मुद्दाम शिकवले नाही आणि आपणही ठरवून शिकलो नाही. शब्द आणि चव पुन्हा पुन्हा जोडीने आले आणि शरीराने त्यांची गाठ मारून टाकली.

सोलापूरकरांना तर याची उदाहरणे शोधायला लांब जायला नको. आपल्या शहराने कित्येक वर्षे रोजच्या रोज नळाला पाणी पाहिलेले नाही. पाणी येण्याच्या रात्री नळातून आधी हवेचा फुसफुस आवाज येतो आणि गाढ झोपलेली गृहिणी ताडकन उठून बसते. विजापूर रोडवरून मालमोटार धडधडत गेली तरी तिची झोप मोडत नाही, पण नळाच्या त्या बारीक आवाजाने मोडते. त्याआधीच्या पिढीसाठी गिरणीचा भोंगा होता. जुनी मिल १८७७ साली सुरू झाली, पुढे आणखी गिरण्या उभ्या राहिल्या आणि गावाचा दिवस भोंग्यावर चालू लागला. भोंगा झाला की पाय आपोआप चालू लागत आणि जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला की पोटात भूक उभी राही. गिरण्या बंद पडल्यावरही भोंग्याच्या वेळेला जाग येणारे कामगार अनेकांनी पाहिले असतील.

या साध्या गोष्टीला मानसशास्त्राच्या पुस्तकात ‘अभिजात अभिसंधान’ असे भारदस्त नाव आहे. नाव विसरलात तरी चालेल. मात्र ही गाठ कशी पडते आणि कशी सुटते, हे प्रत्येक पालकाला माहीत असायला हवे असे मला वाटते. कारण आपल्या घराघरांत आपण मुलांच्या मनात अशी एक गाठ रोज मारत आहोत, आणि ती पुढे त्यांच्या आरोग्याला, प्रसंगी जिवालाही बाधते. ती गाठ म्हणजे सुईची भीती.

कुत्रा, घंटा आणि लाळ

या विषयाचा पाया घातला तो इव्हान पावलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने. हे गृहस्थ मानसशास्त्रज्ञ नव्हते. ते शरीरक्रियेचे अभ्यासक होते. पचनक्रियेवरील संशोधनासाठी त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्यांना खाणे दिल्यावर किती लाळ सुटते हे ते मोजत होते. मोजता मोजता त्यांच्या लक्षात आले की, प्रयोगशाळेतली जुनी कुत्री खाणे तोंडात पडण्याची वाटच पाहत नाहीत. खाणे आणणाऱ्या माणसाची पावले वाजली तरी त्यांना लाळ सुटते.

दुसऱ्या कुणी हा प्रयोगातला अडथळा समजून सोडून दिला असता. पावलॉव्ह यांनी तोच अभ्यासाचा विषय केला. खाणे देण्याआधी ठरावीक आवाज करायचा, मग खाणे द्यायचे. असे अनेकदा केल्यावर नुसत्या आवाजाने लाळ सुटू लागली. तो आवाज जणू खाण्याची वर्दी देणारा निरोप्या झाला.

इथे एक बारकावा लक्षात ठेवावा. आवाज आधी आणि खाणे नंतर, हा क्रम महत्त्वाचा असतो. पुढे काय येणार याची खूण शरीर शोधत असते, आणि खूण सापडली की त्या गोष्टीची तयारी खुणेपासूनच सुरू करते. खाणे येणार असेल तर लाळेची तयारी, आणि वेदना येणार असेल तर भीतीची.

भीतीचा प्रयोग दुर्दैवाने एका तान्ह्या बाळावर झाला. १९२० साली अमेरिकेत जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी ‘अल्बर्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुमारे अकरा महिन्यांच्या मुलासमोर एक पांढरा उंदीर ठेवला. बाळाला त्याची भीती मुळीच वाटत नव्हती. मग बाळाने उंदराला हात लावला की त्याच्या पाठीमागे पोलादी कांबीवर हातोडा मारून मोठा आवाज करायचा, असे सुरू झाले. सात वेळा हे घडल्यावर नुसता उंदीर दिसताच बाळ रडून पळू लागले. पुढे ते सशाला आणि केसाळ कोटालाही घाबरू लागले. त्याची भीती काढून टाकण्याचे काम मात्र झालेच नाही. आजच्या काळात असा प्रयोग करायला कुणीही परवानगी देणार नाही.

पण वाचकहो, तो प्रयोग आपण आपल्या घरात परवानगीशिवाय करतो, त्याचे काय?

आपल्या घरातला हातोडा

मूल जेवत नाही. आई म्हणते, “जेव, नाहीतर डॉक्टरकाका सुई टोचतील बघ.” मूल झोपत नाही. आजी म्हणते, “गप झोप, नाहीतर दवाखान्यात नेऊन मोठ्ठं इंजेक्शन देऊ.” मूल दंगा करते. बाबा म्हणतात, “थांब, सिस्टरला बोलावतो.” आपल्या सोलापुरात घरोघरी मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी अशा निरनिराळ्या बोली चालतात. सुईला कुणी ‘सूजी’ म्हणते, कुणी ‘सूदी’. पण धमकी सगळीकडे तीच. पोलिसाच्या आणि बागुलबुवाच्या जोडीला आपण डॉक्टरला नेऊन बसवले आहे.

आता बाळाच्या बाजूने पाहा. सरकारी लसीकरणाच्या वेळापत्रकाप्रमाणे जन्मापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंत त्याला किमान डझनभर सुया घ्याव्याच लागतात. सुई टोचली की दुखते, हे शिकवावे लागत नाही. ते निसर्गदत्त आहे. पण सुईच्या आधी काय काय येते? स्पिरिटचा वास, कापसाचा बोळा, पांढरा कोट, ट्रेमधल्या वस्तूंचा खणखण आवाज, आणि हातपाय घट्ट धरणारी आई. यातली प्रत्येक गोष्ट पावलॉव्हच्या घंटेसारखी होऊ शकते. म्हणूनच जुळे सोलापुरातल्या एखाद्या दवाखान्याच्या बाकावर तासभर बसून पाहावे. काही मुले डॉक्टरांचे तोंड दिसण्याआधीच, दारात स्पिरिटचा वास आला की रडायला लागतात. आलेली असतात सर्दीसाठी आणि सुईचा विषयही निघालेला नसतो.

एवढी गाठ कदाचित टाळता येणार नाही. बहुतेक मुलांची ही भीती वयाबरोबर ओसरतेही. पण घरातल्या धमक्यांनी आपण तिला रोज खतपाणी घालतो. दवाखान्यात वर्षातून चार वेळा बसणारी गाठ घरात दिवसातून चार वेळा आवळली जाते. शिवाय त्यात एक नवा अर्थ मिसळतो: सुई ही शिक्षा आहे आणि ती वाईट मुलांना मिळते. मग खरोखर आजारी पडल्यावर डॉक्टर सुई काढतात, तेव्हा त्या मुलाने काय समजावे?

याच्या उलट प्रकारही तितकाच वाईट. “काही नाही हं बाळा, मुळीच दुखणार नाही,” असे म्हणत मुलाला आत न्यायचे. आत गेल्यावर दुखतेच. असे दोन-तीनदा झाले की “काही नाही हं” हे प्रेमाचे शब्दच धोक्याची घंटा होतात. पुढे कधी खरेच काही दुखणार नसेल आणि आई तेच शब्द म्हणाली, तरी मूल आधी रडते. मुलाच्या दृष्टीने त्यात काही चूक नाही, कारण त्या शब्दांपाठोपाठ आजवर सुईच आलेली असते.

चौदा इंजेक्शनांचे भूत

“लहानपणची भीती, मोठेपणी जाईल. त्यात एवढे काय?” असे म्हणणारे वाचक असतील. त्यांच्यासाठी एक उदाहरण देतो.

कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शने, हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकले आहे. एके काळी ते खरे होते. प्राण्यांच्या मेंदूच्या पेशींपासून बनवलेली जुनी लस पोटाच्या कातडीत रोज एक याप्रमाणे घ्यावी लागे आणि ती फार दुखे. त्या लसीचे उत्पादन आपल्या देशात २००४ च्या अखेरीस थांबले. आजची लस दंडात देतात, अगदी लहान मुलांना मांडीत. आणि ती चार-पाच भेटींत पूर्ण होते. पोटाशी तिचा काहीही संबंध नाही.

म्हणजे आज ज्या मुलाचे वय दहा वर्षे आहे, त्याच्या जन्माच्या कितीतरी आधी ती जुनी लस बंद झाली. तरीही त्याला विचारा, कुत्रा चावला तर काय होते? तो पोटावर हात ठेवून “चौदा” म्हणण्याचा संभव बराच आहे. त्याला कुणी कधी ते इंजेक्शन दिले नाही. त्याने ते घेताना कुणाला पाहिलेही नाही. पण ‘चिंच’ या शब्दाने लाळ सुटते, तसे ‘चौदा इंजेक्शने’ या शब्दांनी त्याच्या पोटात गोळा येतो. माणसाच्या बाबतीत घंटा वाजवायला शब्द पुरतो.

याचा परिणाम काय होतो? गल्लीत खेळताना कुत्र्याने पोटरीला दात लावले, थोडे रक्त आले, तर मूल घरी सांगत नाही. पायजमा खाली ओढून गप्प बसते. मार बसेल ही एक भीती आणि पोटात सुया बसतील ही दुसरी. मोठी माणसेही जखमेवर मिरचीपूड, चुना नाहीतर हळद लावून “बघू दोन दिवस” म्हणतात. आणि रेबीज हा असा रोग आहे की, त्याची लक्षणे एकदा सुरू झाली की रोगी वाचणे जवळपास अशक्य असते. लक्षणे दिसण्यापूर्वी वेळेवर आणि पूर्ण उपचार घेतले, तर मात्र तो जवळपास नक्की टळतो. वीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या इंजेक्शनाच्या भीतीने आजचे मूल मृत्यूच्या दारात उभे राहू शकते. सुईची भीती हा थट्टेचा विषय नाही असे मी म्हणतो, ते यासाठी.

जाता जाता कामाची गोष्ट: कुत्रा, मांजर, माकड चावले किंवा ओरबाडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ही लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. जखमेतून रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेतच आणखी एक औषध द्यावे लागते; त्याबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

मधुमेहाचेही तसेच. आपल्या देशात मधुमेही माणसे दहा कोटींहून अधिक असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत मांडला गेला. त्यातल्या काहींना केव्हा ना केव्हा इन्सुलिन घ्यावे लागते. “आता इन्सुलिन सुरू करू,” असे डॉक्टरांनी म्हटले की माणूस दवाखानाच बदलतो. त्याने आपल्या घरात आजोबांना किंवा काकांना अखेरच्या महिन्यांत इन्सुलिन घेताना पाहिलेले असते. त्याच्या मनात सुई आणि मरण यांची गाठ पडलेली असते. वास्तविक इन्सुलिन उशिरा सुरू झाले म्हणून त्या आजोबांचे हाल झाले असतील. पण मन असा हिशेब करत नाही. जोडीने जे दिसले, ते त्याने जोडून ठेवलेले असते.

तीच सुई, उलटा हट्ट

आता या गोष्टीची दुसरी बाजू पाहू. ज्या गावात मूल सुईच्या नावाने किंचाळते, त्याच गावात त्याचे आजोबा सुईसाठी हटून बसतात! “डॉक्टर, गोळ्या नकोत. एक सुई मारा, लगेच बरं वाटतं.” थकवा आला की “एक बाटली लावा.” सुई न देणारा डॉक्टर त्यांना डॉक्टरच वाटत नाही. सर्दीपडशाला “विश्रांती घ्या, भरपूर पाणी प्या,” असे सांगणाऱ्या डॉक्टरकडून उठून ते सरळ समोरच्या दवाखान्यात जातात.

हे आले कुठून? तेही शिकलेलेच आहे. कधीकाळी अंगदुखीत वेदनाशामक इंजेक्शन मिळाले आणि तासाभरात आराम पडला. पुढे तापात इंजेक्शन मिळाले. ताप तसाही तिसऱ्या दिवशी उतरणारच होता, पण श्रेय सुईला मिळाले. सुई आणि आराम जोडीने येत गेले. आता नुसती सुई टोचली की औषध रक्तात मिसळण्यापूर्वीच बरे वाटू लागते. हे बरे वाटणे ढोंग नव्हे. आरामाची वर्दी मिळाल्यावर शरीर खरोखरच सैल होते. पण त्या समाधानासाठी जी सुई घेतली, तिची गरज होती का, हा प्रश्न उरतोच. सलाईन म्हणजे प्रामुख्याने मीठ आणि पाणी. ज्याला तोंडाने पाणी पिता येते, अन्न खाता येते, त्याच्या थकव्यावर ती बाटली काही अमृत नाही. उलट प्रत्येक अनावश्यक सुईबरोबर गळू होण्याचा, औषधाची उलटी प्रतिक्रिया येण्याचा आणि सुई निर्जंतुक नसेल तर कावीळ ‘ब’ किंवा ‘क’ जडण्याचा धोका असतो.

भीती आणि हट्ट या दोन्ही गोष्टी परस्परविरुद्ध दिसतात, पण दोन्हींचे मूळ एकच. दोन्हीकडे माणूस सुईत काय आहे हे न पाहता, सुईबरोबर पूर्वी काय आले होते त्याला उत्तर देत असतो. औषधाची गरज ठरवायची ती आजार पाहून. इथे ती ठरते जुन्या आठवणीवर.

रक्तदाबातही असा प्रकार आढळतो. “घरी माझं बीपी बरोबर असतं, तुमच्याकडे आलं की वाढतं,” असे सांगणारा रुग्ण खोटे बोलत नसतो. १९८३ साली इटलीतल्या मिलान शहरात रुग्णालयातील रुग्णांचा रक्तदाब चोवीस तास यंत्रावर नोंदवला गेला. डॉक्टर खाटेजवळ रक्तदाब मोजायला आले की वरचा आकडा सरासरी २७ च्या आसपास चढत होता आणि ते निघून गेल्यावर उतरत होता. पांढरा कोट हीसुद्धा एक घंटाच. म्हणून पहिल्याच मोजणीवर घाबरून जाऊ नये. पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजावे, डॉक्टरांच्या सल्ल्याने घरीही मोजून नोंद ठेवावी. मात्र “माझे तर दवाखान्यातच वाढते” म्हणून दुर्लक्षही करू नये.

गाठ सुटते का?

सुटते. पावलॉव्ह यांनीच दाखवून दिले की घंटा वाजत राहिली आणि खाणे आलेच नाही, तर लाळ हळूहळू कमी होत जाते. पण त्यांना असेही दिसले की काही काळ मध्ये गेला की ती लाळ थोडी परत येते. म्हणजे जुने शिकणे पुसले जात नाही. त्याच्यावर नवे शिकणे चढते. म्हणून धीर सोडू नये. एकदा नीट इंजेक्शन घेतलेले मूल पुढच्या वेळी पुन्हा रडले, तर “एवढं शिकवलं, सगळं वाया गेलं,” असे म्हणू नये.

भीती काढण्याचा पहिला चांगला प्रयोग एका स्त्रीने केला. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाची सशाची भीती घालवली. पीटरला त्याच्या आवडीचे खाणे द्यायचे आणि ससा पिंजऱ्यात, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचा. मूल मजेत खात आहे असे पाहून ससा थोडा जवळ आणायचा. पुन्हा थोडा जवळ. त्याच्याबरोबर सशाला न घाबरणारी इतर मुलेही ठेवली, म्हणजे त्यांचे पाहून त्याला धीर यावा. शेवटी पीटर सशाला हाताने गोंजारू लागला.

या प्रयोगात घाई नव्हती, जबरदस्ती नव्हती आणि “भित्रा कुठला” हे शब्द नव्हते. जोन्सबाईंना एका धोक्याचीही जाणीव होती: ससा एकदम जवळ आणला, तर भीती जाण्याऐवजी मुलाला खाण्याचीच भीती बसेल. आपल्याकडे असेच होते. सुईच्या आधी चॉकलेट दाखवून मुलाला आत नेले जाते आणि मग चॉकलेट दिसले की मूल दचकते. खाऊ द्यावा, पण सुई झाल्यावर. आणि इतर वेळीही द्यावा, म्हणजे तो सुईची खूण ठरत नाही.

भीती टिकते ती मुख्यतः टाळण्यामुळे. दवाखान्याच्या दारातून परत फिरले की क्षणात हायसे वाटते, आणि त्या हायसे वाटण्यानेच पुढच्या वेळी परत फिरण्याची सवय पक्की होते. आत गेल्यावर काय झाले असते, हे मनाला कधी कळतच नाही.

घरात आणि दवाखान्यात काय करावे

पहिली गोष्ट, आणि तिला एक पैसाही लागत नाही: डॉक्टर, सिस्टर, सुई, दवाखाना यांचे नाव घेऊन मुलाला धमकी देणे आजपासून बंद करावे. घरातल्या आजी-आजोबांनाही हे प्रेमाने समजावून सांगावे. आपली मुले जेवायला लावण्यासाठी शेंगाचटणी आणि गरम भाकरी पुरेशी आहे. त्यासाठी डॉक्टरला बागुलबुवा करायला नको.

दुसरी, खरे बोलावे. “मुंगी चावल्यासारखं थोडं दुखेल, मग थांबेल. मी तुझा हात धरून बसेन,” एवढे पुरे. आठ दिवस आधी सांगून मुलाला झुरवू नये आणि फसवून आयत्या वेळी उचलूनही नेऊ नये.

तिसरी, बाळ अंगावर पीत असेल तर लस देताना, किंवा त्याच्या अगदी आधी, अंगावर पाजावे. थोड्या मोठ्या मुलाला आडवे पाडून चौघांनी दाबण्यापेक्षा आईने मांडीवर उभे कवटाळून बसावे. हे नुसते आजीबाईचे शहाणपण नाही. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लसीच्या वेदना कमी करण्यासाठी याच सूचना दिल्या आहेत. एकाच दिवशी दोन-तीन सुया असतील तर सर्वांत दुखणारी शेवटी द्यावी, असेही त्यात सांगितले आहे.

चौथी, कधीतरी सुई नसताना मुलाला दवाखान्यात न्यावे. आजोबांचा रक्तदाब तपासायला जाताना नातवाला बरोबर घ्यावे. तिथे बसावे, डॉक्टरांशी दोन शब्द बोलावेत, वजनकाट्यावर उभे राहावे आणि घरी यावे. घंटा वाजली पण सुई आली नाही, असे जितक्या वेळा होईल तितकी गाठ सैल होईल.

पाचवी, काही माणसांना सुई किंवा रक्त पाहून खरोखर चक्कर येते. त्यांचा रक्तदाब एकदम खाली जातो. अनेकदा हे घराण्यातच असते आणि त्यात भित्रेपणाचा प्रश्न नसतो. अशांनी आधीच सांगून आडवे होऊन सुई घ्यावी. मोकळ्या हाताचे, पायांचे आणि पोटाचे स्नायू काही सेकंद आवळून धरावेत, सोडावेत, पुन्हा आवळावेत. त्याने रक्तदाब टिकून राहायला मदत होते. ज्याची भीती इतकी मोठी आहे की तो आवश्यक उपचारही टाळतो, त्याने मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्यावी. यात लाजण्यासारखे काही नाही.

डॉक्टर मंडळींनाही एक विनंती. मागणी आहे म्हणून सुई देणे सोपे असते. न देता समजावून सांगणे अवघड. रांगेत तीस रुग्ण असताना तर फारच अवघड. पण गरज नसताना दिलेली प्रत्येक सुई त्या रुग्णाच्या मनातली ‘सुई म्हणजेच उपचार’ ही गाठ घट्ट करते. ती सोडवण्याची चार वाक्ये डॉक्टरांच्या तोंडून आली तर त्यांना जे वजन आहे, ते वर्तमानपत्रातल्या लेखाला नाही. आणि लसीकरणाच्या दिवशी, रडणारे एक मूल बाहेर गेल्यावरच दुसरे आत यावे, एवढी सोय बहुतेक ठिकाणी करता येईल. रांगेतल्या पंचवीस मुलांनी आतला आक्रोश ऐकत बसायचे, म्हणजे हातोडा एकाच्या मागे आणि भीती पंचवीस जणांना.

पोलिओच्या मोहिमेची आठवण पाहा. १९९५ साली आपल्या देशात पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. त्यात सुई नव्हती, दोन थेंब होते. शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या ओट्यावर ओळखीच्या अंगणवाडीताई बसलेल्या असत, बोटाला शाई लागे. शेजारची पोरे बोट दाखवत फिरत आणि धाकटी त्यांच्यामागे हट्ट करून जात. २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, त्यामागे लाखो माणसांचे कष्ट होते. पण मुले न घाबरता येत, याचाही त्यात वाटा असावा असे मला वाटते. प्रत्येक रोगावर थेंब नाहीत. काही वेळा सुई घ्यावीच लागेल. पण ओळखीचा चेहरा, खरे शब्द आणि बरोबरीची न घाबरणारी मुले या गोष्टी सुईच्या वेळीही देता येतात.

येत्या आठवड्यात आपल्या घरात “सुई टोचतील” हे शब्द कोण, केव्हा आणि किती वेळा उच्चारते, ते वाचकांनी मोजून पाहावे. आणि आज संध्याकाळी मुलांना जवळ बसवून एवढे सांगावे: कुत्रा चावला तर लगेच घरी येऊन सांगायचे, कुणी रागावणार नाही, आणि पोटात इंजेक्शन देत नाहीत.